टिळकवाडीतल्या स्टुडिओत ब्लॅक सॅबथ बँडचं १९७० चं ‘पॅरानॉइड’ १९८७ च्या आवाजात करून घेतलं, त्याचा अनुभव

पहिला मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवून केलेलं गाणं, व्हॉट्सॅपवर आला तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या कारखान्याच्या शेडच्या मागं चिंचेखाली बसून हेडफोन लावला आणि पहिली तीस सेकंद अंगावर काटा आला, एवढा मोठा ड्रम, एवढी रुंद गिटार, हे आपण वाजवलंय यावर विश्वासच बसेना. मग गाणं पुढं गेलं आणि दीड मिनिटाला मी डबा उघडला. पावणेतीन मिनिटांचं गाणं, ज्यात ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि माझं लक्ष भाकरीकडं गेलं. तिथंच कळलं की काहीतरी मोठं चुकलंय. हा रिव्ह्यू त्या चुकीचा आहे आणि स्टुडिओवाल्या पोरानं ती कशी निस्तरली त्याचा आहे, कारण माझ्या मते स्टुडिओ कसा आहे हे पहिल्या मिक्सवरनं कळत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्यावरनं कळतं.

स्टुडिओ टिळकवाडीत, रेल्वे गेटापासून चालत चार-पाच मिनिटांवर, एका जुन्या घराच्या माडीवर. नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरगा एकटा चालवतो आणि मी उणिवापण सांगणार आहे, उगाच त्याच्या धंद्याला झळ नको. बेळगावात जे माझ्या माहितीतले स्टुडिओ आहेत त्यांचं पोट भजनाच्या गाण्यांवर, शिवजयंतीच्या गाण्यांवर, मराठी-कन्नड जाहिरातींच्या डबिंगवर चालतं. हाही तेच करतो. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, आम्हाला काका म्हणतो. मेटल ऐकतो खरं नवीन, सात-आठ तारांच्या गिटारीचं, सगळं एकदम खाली ट्यून केलेलं. सॅबथचं नाव माहीत होतं, गाणी दोन-तीनच.

आम्ही चौघं. गिटारवर मी, बेसवर वडगावचा मित्र, त्याचे घरी पॉवरलूम आहेत, ड्रमवाला बँकेत आणि गाणारा हायस्कूलला मास्तर, घरी कन्नड बोलतो आणि आमच्यात आला की आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो. सगळे चाळिशी ओलांडलेले. कॉलेजात असताना वाजवायचो, मग बंद पडलं, मग पाच-सहा वर्षांपासून परत रविवारी भेटायला लागलो. रेकॉर्डिंग कधी केलं नव्हतं. २०२५ च्या ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघं २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभे राहिले, ऑझी पार्किन्सन्समुळं सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला, शेवटचं गाणं ‘पॅरानॉइड’. आणि सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. त्या रविवारी कुणी काही वाजवलं नाही. चहा झाला आणि मास्तर म्हणाला, एक तरी नीट रेकॉर्ड करून ठेवूया रे, आपण गेल्यावर पोरांना काय ऐकवणार.

आता १९८७ का, ते सांगतो, कारण स्टुडिओवाल्यानंपण हेच विचारलं. आमच्याकडं मेटल गोव्यातनं आलं. मामा मडगावला होते, ते येताना कॅसेटी आणायचे, आणि त्या सगळ्या ऐंशीच्या दशकातल्या. डेफ लेपर्ड, जुडास प्रीस्ट. माझ्या कानाला मेटल म्हणजे ते मोठ्या हॉलसारखे ड्रम, दहा माणसं एकदम ओरडल्यासारखे कोरस, काचेसारखी चकचकीत गिटार. सॅबथ मी नंतर ऐकलं आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगतो, बारीक वाटलं. कोरडं. खोलीत चार माणसं वाजवतायत एवढंच. ते एवढंच म्हणजे केवढं ते कळायला मला दहा-बारा वर्षं लागली. पण मनात कुठंतरी राहिलं होतं की हेच गाणं आपल्या कॅसेटींच्या काळात आलं असतं तर कसं वाजलं असतं, मामांच्या बॅगेतनं निघालं असतं तर.

आमच्या भागाला हे नवीन नाही बघा. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, आणि गाणाऱ्यांच्या घरात बसलं की कळतं, बंदिश एकच असते, एक घराणं ती एका अंगानं मांडतं, दुसरं दुसऱ्या. बंदिशीचे शब्द आणि चाल धरून ठेवायची, बाकी गायकी आपली. मग रिफला, म्हणजे गिटारीच्या परत परत येणाऱ्या त्या तुकड्याला, बंदिश म्हणायला काय हरकत आहे. आम्ही पोराला हेच सांगितलं, रिफ ही बंदिश आणि १९८७ ही गायकी. त्याला ते लगेच पटलं, पटकन म्हणाला, “काका, मग बंदिशीत काय काय येतं ते आधी लिहून द्या, त्याला मी हात लावणार नाही.” हा प्रश्न मला फार आवडला. आणि आम्ही जे लिहून दिलं त्यात एक गोष्ट राहिली, तिच्यामुळंच सगळा गोंधळ झाला, ते पुढं येईल.

गाण्याबद्दल थोडं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ब्लॅक सॅबथनं आपला पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रीजंट साउंडमध्ये जवळजवळ एका दिवसात उरकला. दुसरा १९७० च्या सप्टेंबरात आला, त्याचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ असणार होतं, नाव बदललं खरं कव्हरवरचा ढाल-तलवारवाला माणूस तसाच राहिला. ‘पॅरानॉइड’ हे गाणं शेवटी, अल्बममध्ये तीन मिनिटं कमी पडायलेत म्हणून घाईत केलेलं. टोनी आयोमीला रिफ सुचला, गीझर बटलरनं शब्द लिहिले, आणि गंमत म्हणजे गाण्यात पॅरानॉइड हा शब्दच कुठं नाही. इंग्लंडच्या चार्टवर चौथ्या नंबरापर्यंत गेलं. आणि आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेलेली, तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. उद्यमबागेत काम करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी लागते. आमच्या शेडमध्ये प्रेसवर बोट गेलेले दोघं आहेत. त्यातला एकजण अजून भजनात पेटी वाजवतो, उरलेल्या चार बोटांनी.

पहिल्या बैठकीत पोरानं विचारलं, ट्यूनिंग खाली घ्यायचं का, जड वाटेल. आम्ही नाही म्हटलं. सॅबथनं स्वतः १९७१ च्या अल्बमपासनं ट्यूनिंग तीन अर्धे सूर खाली नेलं हे खरं, पण ‘पॅरानॉइड’ साध्या ट्यूनिंगमधलं आहे, बाराव्या पडद्यावरचा तो सुरुवातीचा तुकडा तिथंच खुलतो. आणि आम्हाला जड नको होतं, मोठं पाहिजे होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आजकालच्या पोरांना त्या एकच वाटतात.

दुसरा प्रश्न त्यानं विचारला तो जास्त अवघड. “काका, ह्या गाण्याला कोरसच नाही.” कोरस म्हणजे परत परत येणारं धृपद, ते खरंच नाही. कडवं, कडवं, मधे वेगळ्या चालीचा एक तुकडा, परत कडवं, सोलो, परत कडवं, संपलं. आणि ऐंशीच्या दशकातलं सगळं प्रॉडक्शन कोरससाठी बांधलेलं असायचं, कडव्यात दाबून ठेवायचं आणि कोरसला दार उघडायचं. मट लँग हा प्रोड्युसर, त्यानं डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ अल्बम केला, १९८७ ला आला, तीन वर्षांच्या वर काम चाललं, आवाजांचे थरच्या थर लावलेले. कुठं एक दिवस आणि कुठं तीन वर्षं. तर पोराचं म्हणणं होतं की एक ‘ओ ओ’ असा कोरस नवीन घालूया. बेसवाल्याला ते आवडलं. मला नाही, मास्तरलापण नाही. अर्धा तास वाद झाला आणि मग असं ठरलं की नवीन काही घालायचं नाही, जो मधला तुकडा आहे तिथंच दार उघडायचं. तिथं मास्तरचा आवाज बारा वेळा रेकॉर्ड केला, चार वेळा मूळ सुरात, चार वेळा वर, चार वेळा अगदी हळू, नुसत्या हवेसारखा. एकत्र लावल्यावर जे झालं ते ऐकून मास्तर खुर्चीवरनं उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. ती दहा-बारा सेकंद ह्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात चांगली आहेत असं मला अजून वाटतं.

गिटार. स्टुडिओत एक छोटा मार्शल अँप आहे आणि शुअरचा एसएम ५७ माइक. १९८७ च्या आवाजाला मोठा अँप लागतो असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. ‘हिस्टेरिया’च्या गिटारी बऱ्याचशा रॉकमनवर आहेत, बोस्टन बँडच्या टॉम शोल्झनं काढलेला खिशात मावेल एवढा डबा, १९८२ चा. त्याचा आवाज दाबून एकसारखा केलेला, वर आवाज जाड करणारा थोडा कोरस इफेक्ट, असे दहा थर लावले तरी एकमेकात गिचका होत नाही. पोरानं तसं सॉफ्टवेअर लावलं आणि माझ्याकडनं एकच रिफ आठ वेळा वाजवून घेतला, चार डाव्या कानाला, चार उजव्या. आठ वेळा तोच रिफ एकसारखा वाजवणं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पाचव्या वेळेला हात भरून आला. पोरगा दर वेळी, “छान झालं काका, एकदा परत,” एवढंच. आवाज चढला नाही, घड्याळाकडं बघितलं नाही. याआधी दुसऱ्या एका गावात एका स्टुडिओत मी बहिणीच्या पोरीच्या भावगीतासाठी गेलो होतो तिथं तिसऱ्या टेकला माणूस मोबाईल बघायला लागला होता, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आता ड्रम, आणि इथं मी थोडा रेंगाळणार. ऐंशीच्या दशकातल्या ड्रमचा जो आवाज आहे, धाप्प असा मोठा आणि लगेच कापल्यासारखा, तो १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएलच्या अल्बमच्या वेळी सापडला. फिल कॉलिन्स वाजवत होता, ह्यू पॅडगम इंजिनियर. बोलण्यासाठी छताला लावलेला माइक चालू राहिला होता, त्याच्यावर आवाज दाबून एकसारखा करणारा जबर कंप्रेसर, आणि ड्रमचा आवाज त्यातनं राक्षसासारखा आला. मग खोलीचा घुमणारा आवाज मोठा करायचा आणि तो विरायच्या आधीच गेट लावून तोडायचा. म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली आणि टाळी घुमायला लागली तोच कुणीतरी दार आपटून बंद केलं, तसं.

पोराच्या स्टुडिओत ड्रमची खोली लहान आहे, दहा बाय बारा असेल, गादीचं स्पंज लावलेली, तिथं काही घुमत नाही. मग त्यानं काय केलं, स्नेअर, म्हणजे किटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम, उचलून जिन्यात नेला. जुन्या घराचा दगडी जिना, वर कौलं, खाली शहाबादी फरशी. खालच्या पायरीवर स्नेअर, वरच्या दाराशी माइक, आणि ड्रमवाल्यानं एकेक ठोका मारायचा. पहिला ठोका मारला आणि शेजारचे आजोबा बाहेर आले. त्यांना सांगितलं रेकॉर्डिंग आहे आजोबा, पाच मिनिटं. ते म्हणाले वाजवा की, आणि तिथंच कठड्यावर बसून राहिले.

तरी काहीतरी कमी होतं. तेव्हा मला जुडास प्रीस्टचं आठवलं. त्यांचा १९८० चा ‘ब्रिटिश स्टील’ अल्बम टिटनहर्स्ट पार्कमध्ये रेकॉर्ड झाला, एकेकाळी जॉन लेननचं होतं ते घर, तिथं सँपलिंगची मशीन नव्हती म्हणून लोखंडी माणसं चालल्याच्या आवाजासाठी काट्या-चमच्यांचे ट्रे हलवून रेकॉर्ड केले. आणि त्याचा प्रोड्युसर टॉम अलम, तोच माणूस दहा वर्षांपूर्वी सॅबथच्या ‘पॅरानॉइड’ला इंजिनियर होता. ज्या माणसानं १९७० चा कोरडा आवाज टिपला त्यानंच १९८० चा मोठा आवाज बांधला. आम्ही जे करायलो होतो ते वेडेपण नव्हतं, ह्या दोन आवाजांच्या मधे एक माणूस चालत गेलेला होता, हे कळल्यावर मला केवढा धीर आला.

तर पुढच्या रविवारी मी शेडमधनं रिजेक्ट झालेला एक बिडाचा हब नेला. साडेतीन-चार किलोचा, कास्टिंगला एका बाजूला ब्लोहोल पडलं होतं म्हणून भंगारात गेलेला. सुतळीनं जिन्याच्या कठड्याला टांगला आणि अर्ध्या किलोच्या हातोड्यानं मारला. बीड पोलादासारखं किणकिणत नाही, त्याचा आवाज बसका, टण्ण असा येतो आणि लगेच दबतो. कडेला मारला तर पातळ, मधल्या भोकापाशी मारला तर ठसठशीत. वीस-बावीस ठोके घेतले. पोरानं त्यातले तीन निवडले आणि जिन्यातल्या स्नेअरच्या खाली अगदी बारीक लावले, वेगळे ऐकू येणार नाहीत एवढे. काढले की कळतं. लावल्यावर स्नेअरला हाड आल्यासारखं वाटतं.

इथंपर्यंत सगळं उत्तम. मग आला पहिला मिक्स आणि माझी भाकरी.

मी त्याला फोन केला नाही, संध्याकाळी सरळ गेलो. बसून दोघांनी परत ऐकलं. काय झालं होतं की त्यानं सगळे ड्रम कॉम्प्युटरच्या रेषांवर नेऊन बसवले होते, प्रत्येक ठोका बरोबर जागेवर, मिनिटाला १६३ ठोक्यांच्या लयीत सुरुवातीपासनं शेवटपर्यंत, एका केसाचा फरक नाही. किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, प्रत्येक ठोका एकाच ताकदीचा. आणि वर आवाज एवढा चढवलेला की सगळं गाणं एका सपाट भिंतीसारखं. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे हे काय असतं, लोकांनी तेव्हा सीडी सोडून व्हिडिओ गेममधलं व्हर्जन शोधून ऐकलं होतं, त्यात आवाज कमी दाबलेला म्हणून.

तो म्हणाला, “काका, ऐंशीचं असंच असतंय की. ड्रम मशीन.” आणि तो चुकत नव्हता. ‘हिस्टेरिया’चे ड्रम मशीनमधनंच बांधलेले आहेत, त्यांच्या ड्रमर रिक अलनचा डावा हात १९८४ च्या ३१ डिसेंबरला गाडीच्या अपघातात गेलेला. पण ती गाणी संथ आहेत, चालत येणारी. मोठ्या ड्रमला दोन ठोक्यांमधे जागा पाहिजे असते. ‘पॅरानॉइड’ पळतं. आणि पळणारा माणूस ज्या पद्धतीनं पळतो, कुठं पुढं झुकतो, कुठं पाय लांब टाकतो, ते काढून घेतलं तर तो पळत नाही, जागेवर पाय आपटतो. सॅबथच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी टिकटिक, नाही, चौघं एका खोलीत एकमेकांकडं बघत वाजवतायत, सोलोला त्यांचा ड्रमवाला बिल वॉर्ड पुढं सरकतो आणि सगळे त्याच्याबरोबर. आम्ही बंदिशीत रिफ लिहिला, शब्द लिहिले, सोलोची जागा लिहिली, लय लिहायची राहिली. ती आम्ही धरूनच चाललो होतो. चूक आमचीपण होती, आणि हे मी त्याला तिथंच सांगितलं.

तो गप्प बसला जरा वेळ. मग म्हणाला, “काका, तुमचा पहिल्या दिवसाचा गाईड आहे माझ्याकडं.” पहिल्या दिवशी आम्ही चौघांनी नुसतं त्याला गाणं कळावं म्हणून एकदा क्लिकशिवाय वाजवलं होतं, त्यानं ते ठेवलं होतं. ते उघडलं आणि मोजायला बसला, एकेक माप. कडव्यात १६२, रिफ परत आला की १६४-६५, मधल्या तुकड्यात जरा खाली, सोलोला १६७, शेवटी परत १६५. त्यानं कॉम्प्युटरच्या रेषाच तशा वाकवल्या, म्हणजे रेषांवर ड्रम नाही, ड्रमवर रेषा. मला माहीतच नव्हतं असं करता येतं. मग सगळं नव्यानं बसवावं लागलं. १६३ च्या लयीत अर्धी मात्रा १८४ मिलिसेकंदाची, स्नेअरचा घुमार त्याच्या आत संपला नाही तर पुढच्या ठोक्यावर चढतो आणि चिखल होतो. लय बदलली की ते दार बंद व्हायची वेळपण बदलायची. त्यानं ते प्रत्येक भागाला वेगवेगळं केलं. रात्री साडेदहा वाजले, त्याच्या आईनं खालनं उप्पीट पाठवलं.

आणि आमच्या ड्रमवाल्यानं परत एकदा येऊन किक वाजवला, गाईड कानात घेऊन. कॉम्प्युटरमधला आधीचा ठोका खाली ठेवला, फक्त वजनासाठी.

दुसरा मिक्स त्याच चिंचेखाली ऐकला. डबा बंदच राहिला. मोठेपणा सगळा तसाच, जिना, हब, बारा मास्तर, आठ गिटारी, आणि तरी चार माणसं एकमेकांकडं बघून वाजवतायत हे कळायलं. सोलोच्या आधी सगळं एक इंच पुढं झुकतं ना, तिथं मला आमचा ड्रमवाला दिसला, ओठ चावून वाजवतो तो.

तिसरा मिक्स फक्त सोलोसाठी. मूळ गाण्यात सोलो एका कानात सरळ आणि दुसऱ्या कानात रिंग मॉड्युलेटरमधनं गेलेला आहे, गंजलेल्या घंटेसारखा. १९८७ च्या हिशेबानं तिथं चकचकीत, लांब डिलेवाला सोलो पाहिजे. पोरानं तसाच केला होता, छान झाला होता, आणि मला तो नको होता. मी म्हटलं उजव्या कानात ती गंज ठेवूया. सगळं घर नवीन रंगवलं तरी आजीचा एक पाट आपण टाकत नाही. त्यानं ठेवली. बेसवाल्याला अजून वाटतं की तिथं कान टोचतो. टोचतो, हे खरं आहे.

हिशेब सांगतो. रेकॉर्डिंग तासाला ४०० रुपये, आमचे बारा तास झाले म्हणजे ४,८००. मिक्सिंग गाण्याला ३,५००, मास्टरिंग १,०००. एकूण ९,३००, चौघांत वाटून घेतले. दुसऱ्या-तिसऱ्या मिक्सचे जास्तीचे पैसे त्यानं मागितले नाहीत, आम्ही विचारलं तरी नाही म्हणाला. लय मोजायला आणि सगळं परत बसवायला जो वेळ गेला तो बघितला तर हे फार कमी आहे, म्हणून मास्तरनं निघताना कुंद्याचा एक किलोचा बॉक्स त्याच्या आईच्या हातात दिला.

उणिवा. आवाज अडवायची सोय पूर्ण नाही. गेटावर गाडीचा भोंगा वाजला की माइकमध्ये येतो, मास्तरचे दोन चांगले टेक त्यात गेले. पावसाळ्यात जाऊ नका, कौलांवर पाऊस लागला की गाण्याचं रेकॉर्डिंग थांबवावं लागतं आणि बेळगावचा पाऊस एकदा लागला की दोन-दोन तास हटत नाही. करंट गेला तर यूपीएसवर कॉम्प्युटर चालतो खरं अँप बंद पडतो. हेडफोन एकाच जोडीचे बरे आहेत, बाकीच्यांची एक बाजू कमी-जास्त होते, आपापले घेऊन जावा. ड्रम किटच्या झांजा जुन्या आहेत, एक तडकलेली आहे, आम्ही आमच्या नेल्या. आणि पहिल्या मिक्सला आवाज फार चढवायची त्याची सवय आहे, ती बहुतेक लग्नाच्या आणि डीजेच्या कामातनं आलेली, तिथं लोकांना मोठ्ठंच पाहिजे असतं. आधीच सांगून ठेवा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर त्यानं आम्हाला आधीच समजावलं होतं की दुसऱ्याचं गाणं आहे, मूळ हक्कवाल्यांचा क्लेम येऊ शकतो आणि मग जाहिरातीचे पैसे आपल्याला नाहीत. आम्हाला पैसे नकोच होते. खरं हे न विचारता सांगणं मला बरं वाटलं.

कुणी जावं? ज्यांना आपल्याला काय पाहिजे ते माहीत आहे आणि बसून सांगायची तयारी आहे त्यांनी नक्की जावं. गाणं टाकून दिलं आणि आठ दिवसांनी फाइल पाहिजे अशांचं काम तो करेल, खरं तुम्हाला पहिलाच मिक्स मिळेल. त्याच्यासमोर बसा, मूळ गाणं ऐकवा, कुठं काय आवडतं ते बोट ठेवून दाखवा, आणि एकदा क्लिकशिवाय वाजवून त्याच्याकडं ठेवायला द्या, तो सांगणार नाही तरी द्या. जुनं नाट्यपद नव्या वाद्यांवर करणाऱ्यांनापण मी हेच सांगेन.

बुकिंग फोनवर होतं, संध्याकाळी सहानंतर लावा, दिवसा तो दुसरीकडं काम करतो. रविवार पंधरा दिवस आधी धरावा लागतो. गणपतीच्या आधीचा महिनाभर मंडळांची गाणी आणि साउंडची कामं असतात, तेव्हा तारीख मिळत नाही. आमचं पुढचं गाणं दिवाळीनंतर ठरलंय, हब अजून त्याच्या जिन्यातच टांगलेला आहे.